अल्ट्रामॅन आणि बेकरीतली मुलगी

दुपारची भांडी उरकली असतील. कुणी शेंगा फोडत बसली असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी पाच-सहा जणींचे केंद्रावर फोन आले. तक्रार एकच. पोरं फोनवर कसलं तरी जपानी बघतात आणि मग पलंगावरून उड्या मारतात. एक हात उभा, एक आडवा धरून एकमेकांवर ‘किरण’ सोडतात. एकीची उशी फाटली, एकीच्या धाकट्याच्या भुवईला खोक पडली. हे काय आहे ते तुम्ही बघा आणि रेडिओवरून मुलांना चार शब्द सांगा, असं तुमचं म्हणणं होतं.

म्हणून आम्ही चौघी बघायला बसलो. आमच्यातल्या एकीची भाची पुण्यात जपानी शिकते. ती सुट्टीला आली होती, तिला मध्ये बसवलं आणि ती सांगेल तसं ऐकत गेलो. एक आठवड्याचं काम समजलो होतो, ते महिनाभर चाललं. पोरांना सांगायचे चार शब्द राहिले बाजूला. त्यातल्या एका भागानं आमचीच बोलती बंद केली. आज त्याच भागाबद्दल सांगायचंय, पण त्याच्या आधी हा अल्ट्रामॅन कोण ते सांगायला हवं.

तुमची पोरं बघतात ते नवे भाग. मूळ मालिका जपानच्या टीबीएस वाहिनीवर १७ जुलै १९६६ला सुरू झाली. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता लागायची, एकूण ३९ भाग झाले. म्हणजे आज जपानातले आजी-आजोबासुद्धा लहानपणी हेच बघत होते. ती काढली एइजी त्सुबुराया यांच्या कंपनीनं. १९५४चा ‘गॉडझिला’ सिनेमा, तो समुद्रातून येऊन तोक्यो तुडवणारा अजस्र प्राणी, त्यातली सगळी करामत याच माणसाची. अशा अजस्र प्राण्यांना जपानीत ‘काइजू’ म्हणतात. आपण राक्षस म्हणू, पण तो शब्द तितकासा बसत नाही. का बसत नाही ते पुढं येईलच.

गोष्ट साधी आहे. हायाता नावाचा तरुण राक्षसांचा बंदोबस्त करणाऱ्या पथकात असतो. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या एका वीराच्या गोळ्याशी त्याच्या विमानाची टक्कर होते आणि तो मरतो. त्या वीराला वाईट वाटतं आणि तो आपला जीव त्याच्याशी जोडून देतो. तेव्हापासून संकट आलं की हायाताचा चाळीस मीटर उंच, लाल-चंदेरी अल्ट्रामॅन होतो. पृथ्वीवर त्याला फार वेळ टिकता येत नाही, साधारण तीन मिनिटं. छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला की समजायचं, वेळ संपत आली. आमच्यातली एक म्हणाली, सिलिंडर संपत आला की गॅसची ज्योत होते ना, तसंच.

आणि गंमत म्हणजे ते राक्षस संगणकावर केलेले नाहीत. रबराच्या जाड पोशाखात माणूस शिरायचा आणि पुठ्ठ्या-प्लास्टरच्या छोट्या छोट्या घरांवर पाय आपटायचा. कॅमेरा जोरात फिरवून चित्रण करायचे, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ आणि जड दिसते. पैसा बेताचा, त्यामुळं जुनं काही टाकायचे नाहीत. दहाव्या भागातला जिरास नावाचा राक्षस म्हणजे चक्क गॉडझिलाचाच पोशाख, फक्त गळ्याभोवती मोठी झालर लावलेली. मारामारीत अल्ट्रामॅन ती झालर उपटतो, आणि खालून गॉडझिला दिसतो! जुन्या साडीला नवा काठ लावून लग्नात मिरवणाऱ्या आम्ही, आम्हाला हे फारच आवडलं.

बायकांचं काय, असं तुम्ही विचारणारच. पथकात एक आहे, फुजी अकिको. बिनतारी यंत्रावर बसते आणि वेळ आली की बंदूकही चालवते. पण चहाकॉफीची वेळ आली की सगळे तिच्याकडंच बघतात. १९६६ साल होतं, म्हणून सोडून देऊ. पुढं १९७३च्या ‘अल्ट्रामॅन तारो’ मालिकेत या वीरांची आईही आली. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता राक्षसांकडे येऊ. आम्हाला वाटलं होतं, दर भागात एक वाईट राक्षस येणार, अल्ट्रामॅन त्याला मारणार, संपलं. बरेच भाग तसेच आहेत आणि सलग बघितले तर कंटाळाही येतो. पण मध्येच एखादा भाग असा येतो की मारल्यावर टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत.

तेविसाव्या भागातला जमिला मुळात माणूस आहे, अंतराळवीर. त्याचं यान भरकटून पाण्याचा थेंब नसलेल्या ग्रहावर पडतं. त्याच्या देशानं त्याला शोधायचं सोडून ती गोष्टच दडपली. तहानेनं आणि उन्हानं त्याचं शरीर बदलत गेलं, कातडी तडकलेल्या जमिनीसारखी झाली. तो सूड घ्यायला परत आला, ज्या ठिकाणी देशोदेशीची शांतता परिषद भरणार होती तिथं. वरून हुकूम आला: तो माणूस होता हे कुणाला सांगायचं नाही, राक्षस म्हणूनच संपवायचं. आणि त्याला मारायचं कशानं, तर पाण्यानं. ज्या पाण्यासाठी तो तडफडला त्याच पाण्यानं. चिखलात लोळत तो मरतो तेव्हा तान्ह्या बाळासारखा आवाज काढतो. नंतर त्याच्या नावानं छानपैकी पाटी लावतात. पथकातला इदे नावाचा तरुण ती पाटी बघून म्हणतो की बळी गेलेल्यांचं नेहमी असंच होतं, शब्द तेवढे सुंदर असतात.

जमिलाला मान दिसत नाही, डोकं खांद्यातच बुडालेलं. जपानी पोरं सदरा डोक्यावर ओढून ‘मी जमिला’ करत फिरायची. आपली पोरंही बनियन डोक्यावर ओढून भूत होतात, तसंच.

पस्तिसाव्या भागात तर पथकातले लोक आजवर मारलेल्या राक्षसांचं श्राद्ध घालतात. धूप, मंत्र, सगळं साग्रसंगीत. त्या भागातल्या राक्षसाला कुणाशी लढायचंच नसतं, त्याला आकाशात आपल्या जागी परत जायचं असतं आणि अल्ट्रामॅन त्याला जबरदस्तीनं का होईना पोचवतो. तिसाव्या भागात एक पोरकी मुलगी आहे, युकी. आई बर्फात गेली. गावातली मुलं तिला बर्फातल्या हडळीची पोर म्हणून दगड मारतात. तिच्या हाकेला धावून येतो तो पांढऱ्या केसांचा ऊ नावाचा राक्षस. तिचं दुसरं कुणीच नसतं.

हे असं लिहिणारे कोण होते, याचा भाचीनं शोध घेतला. युकीची गोष्ट तेत्सुओ किंजो यांची. ते ओकिनावाचे. ओकिनावा म्हणजे जपानच्या दक्षिण टोकाची बेटं. पूर्वी तिथं वेगळं राज्य होतं, भाषाही वेगळी. १९४५मध्ये तिथं महायुद्धातली फार भीषण लढाई झाली. किंजो तेव्हा सहा-सात वर्षांचे होते, त्यांच्या आईनं त्या लढाईत एक पाय गमावला. युद्धानंतर १९७२पर्यंत ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं, त्यामुळं किंजोंना तोक्योला शिकायला येतानाही परदेशी जाणाऱ्यासारखी कागदपत्रं लागली. त्यांचे सहकारी शोझो उएहारा, तेही ओकिनावाचेच. मोठ्या शहरांत तेव्हा ओकिनावाच्या माणसाला भाड्यानं खोली देताना लोक नाक मुरडायचे. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नानंतर घरमालकाचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्यातल्या काहींना चांगलं माहीत आहे.

आम्ही ज्या भागाबद्दल बोलायला बसलोय तो या उएहारांनी लिहिलेला. मालिका दुसरी, ‘परत आलेला अल्ट्रामॅन’, १९७१ची. तिचा ३३वा भाग, नाव ‘राक्षसाला काबूत ठेवणारा आणि मुलगा’. १९ नोव्हेंबर १९७१ला, शुक्रवारी संध्याकाळी लागला. लहान मुलांच्या वेळेला!

कारखान्यांच्या धुराड्यांजवळ नदीचा काठ आहे. तिथं एका पडक्या झोपडीत रियो नावाचा मुलगा राहतो. उत्तरेकडच्या होक्काइदोमधून आलेला. बाप कामासाठी शहरात गेला तो परतलाच नाही, आई वारली. पोरगं रोज काठावर खड्डे खणतं. का खणतं कुणाला ठाऊक नाही आणि विचारायलाही कुणी जात नाही. गावात कुजबुज मात्र सुरू होते की हे पोर माणसाचं नाही, परग्रहावरचं आहे. मोठी मुलं त्याला गळ्यापर्यंत मातीत पुरतात, डोक्यावर गढूळ पाणी ओततात. त्यानं शिजवलेली पेज उधळून लावतात. तांदळाची पेज होती ती, मैत्रिणींनो. ते बघताना आमच्यातल्या एकीनं फोन उलटा ठेवला. पाणी पिऊन आली, मग पुढं लावला.

झोपडीत त्याच्याबरोबर एक आजारी म्हातारा असतो, कानायामा. खरा परग्रहावरचा तोच. पृथ्वीचं हवामान अभ्यासायला आलेला. इथं येऊन त्याला पृथ्वी आवडली. थंडीत मरायला टेकलेला रियो त्याला सापडला, आणि दोघं बापलेकासारखे राहू लागले. आपलं यान त्यानं जमिनीखाली लपवलं होतं. एक राक्षसही आपल्या शक्तीनं जमिनीत बंद करून ठेवला होता. पण कारखान्यांच्या धुरानं त्याची फुप्फुसं गेली, शक्ती संपत आली. मुलगा खणत असतो ते यान शोधायला. म्हाताऱ्याला घरी न्यायचं असतं त्याला.

एक दिवस रियो पाव आणायला बेकरीत जातो. पैसे असतात त्याच्याजवळ. पण दुकानातून नकार मिळतो. तुला विकलं तर उगाच लोक आम्हाला बोलतील, असा एकूण सूर. मुलगा परत फिरतो. थोडं पुढं गेल्यावर त्याच दुकानातली तरुण मुलगी मागून धावत येते आणि पाव त्याच्या हातात देते. त्याला वाटतं, कीव करून देतेय. तर ती म्हणते, तसं काही नाही, आमचा धंदाच पावाचा आहे. बस्स. त्याच्या तोंडावर हसू येतं, सबंध भागात जेमतेम तेवढंच.

त्यानंतर जमाव येतो. काठ्या घेऊन मोठी माणसं मुलाला ओढत न्यायला लागतात. म्हातारा बाहेर येतो आणि सांगतो, परग्रहावरचा मी आहे, पोराला सोडा. जमाव बिथरतो. पोलिस गोळी झाडतो. म्हातारा पडतो, आणि त्यानं इतके दिवस दाबून ठेवलेला राक्षस जमीन फोडून वर येतो. ज्यांनी त्याला मारलं तेच आता ओरडतात, वाचवा. या मालिकेत अल्ट्रामॅन होणारा तरुण आहे गो. तो तिथंच उभा असतो आणि जागचा हलत नाही. हे संकट तुम्हीच ओढवून घेतलंय, असं त्याच्या मनात येतं. शेवटी त्याचा वरिष्ठ त्याला भानावर आणतो. मग पावसात ती लढाई होते. पण ती बघताना आमच्यातल्या कुणालाच राक्षस मेला की जगला याचं काही वाटत नव्हतं.

वाहिनीला हा भाग जड गेला. काही दृश्यं बदलायला लावून मगच तो दाखवला गेला.

आता उएहारांना हे सुचलं कशावरून? १ सप्टेंबर १९२३ला तोक्यो आणि योकोहामाला प्रचंड भूकंप झाला. एक लाखाहून अधिक माणसं गेली. आग पेटलेली, घरं पडलेली, आणि त्यात वावडी उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत. त्या काळी कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि खूप कोरियन मजूर तिकडं कामाला होते. गल्लोगल्ली राखणदारांची टोळकी उभी राहिली. रस्त्यात माणूस अडवायचे आणि ‘पंधरा येन पन्नास सेन’ म्हणायला लावायचे. ते जपानी उच्चार कोरियन जिभेला अवघड जातात. अडखळला की संपला. हजारो कोरियन मारले गेले. चिनीही गेले. बोली वेगळी म्हणून काही जपानीही गेले, त्यांत ओकिनावाची माणसं होती. उएहारांनी पुढं सांगितलं की ती गोष्ट लिहिताना हे हत्याकांड त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

त्यातली एक घटना भाचीनं वाचून दाखवली. भूकंपानंतर पाचव्या दिवशी, ६ सप्टेंबरला, चिबा प्रांतातल्या फुकुदा नावाच्या गावात औषधं विकत फिरणारी पंधरा जणांची टोळी आली. दूरच्या कागावा प्रांतातली माणसं, सगळी जपानी, बायकापोरांसह. त्यांची बोली गावाला ओळखीची वाटली नाही. नऊ जणांना मारलं. त्यांत लहान मुलं होती आणि एक गरोदर बाई होती.

हे ऐकल्यावर आमच्यात कुणी काही बोललं नाही. मग एकीनं हळूच नाव घेतलं, राईनपाडा. आठवतंय ना? धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज फोनवर फिरत होते, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी लोकांनी त्यांना ठेचून मारलं. त्या वेळी आम्ही याच केंद्रावरून अफवांबद्दल कार्यक्रम केला होता. चांगला झाला असं तुम्हीच कळवलं होतं.

आता जे सांगायचंय ते या महिन्याआधी आम्ही रेडिओवर सांगितलं नसतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आपल्या स्टँडवर जे झालं ते तुमच्यातल्या निम्म्या जणींनी पाहिलंय. पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणारी बाई, दरवर्षी येते ती. बरोबर तीन-चार वर्षांचं पोर होतं. पोर गोरं आणि बाई सावळी, एवढ्यावरून कुणीतरी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हे मूल हिचं वाटत नाही, सावध राहा. तो फोटो आमच्या बायकांच्या ग्रुपवरही आला. आणि आमच्यातल्या दोघींनी तो पुढं पाठवला. शहानिशा करायला पाठवला असं त्या दिवशी आम्ही एकमेकींना सांगितलं. शहानिशा कुणीच केली नाही.

तासाभरात स्टँडवर पन्नास-साठ माणसं जमली. बाईला बाकावर बसवून ठेवलं. ती आपल्या बोलीत सांगत होती, घाबरून तिला धड मराठी सुचत नव्हतं. पोर तहानलं होतं. आमच्यातल्या एकीची स्टँडवर चहाची टपरी आहे. ती बाई पोराला घेऊन टपरीशी आली, मुठीत दहाची नोट होती, आणि बिस्किटचा पुडा मागितला. आमच्या मैत्रिणीनं सभोवतालच्या माणसांकडं पाहिलं आणि म्हणाली, दुकान बंद आहे. चूल पेटलेली होती, चहा उकळत होता, आणि ती म्हणाली दुकान बंद आहे. पोलिसांची गाडी आली, त्यांनी गावाकडं फोन लावला. पोर तिचंच निघालं. संध्याकाळच्या एसटीनं त्यांना लावून दिलं. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून गावानं सुटकेचा श्वास सोडला आणि विषय तिथंच संपला.

टपरीवाली आमच्यातलीच आहे, आत्ता या खोलीत बसलीय. हे सांगायचं तिनंच ठरवलं. बेकरीतली ती मुलगी धावत येताना बघून ती उठून बाहेर गेली होती. नंतर म्हणाली, तिनं काय मोठं केलं गं? भांडली नाही, जमावाला अडवलं नाही, पोराला घरी नेलं नाही. जे विकायला बसली होती ते विकलं. तेवढंसुद्धा माझ्याकडून झालं नाही.

आणि ज्या दोघींनी फोटो पुढं पाठवला, त्यांनी अजून तो फोनमधून काढलेला नव्हता. परवा काढला. ज्यांना पाठवला होता त्यांना, वर्षभरानं का होईना, ते पोर तिचंच होतं असं कळवलं. तिघांची उत्तरं आली. एकानं विचारलं, कुठलं पोर?

तर तुमच्या मुलांना रागवा म्हणून तुम्ही फोन केले होते. उड्या पलंगावरून न मारता ओसरीत मारा, डोळ्यापाशी हात नेऊ नका, एवढं आम्ही सांगतो. बघू नका असं काही आमच्या तोंडून निघणार नाही. गेल्या रविवारी शाळेमागच्या देवळात पंधरा-वीस पोरांना बसवून हा भाग दाखवला. पेज उधळतात तिथं सगळी गप्प झाली. शेवटी राक्षस मरतो, पाऊस थांबतो आणि रियो पुन्हा खणायला लागतो. म्हातारा नाही तरी खणतच राहतो. एका दुसरीतल्या पोरानं विचारलं, आता कशाला खणतोय? भाची म्हणाली, यान सापडलं की त्याला इथून जायचंय. पोरगं थोडा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, ती पाववाली दीदी परत येते का? भाचीनं सांगितलं, या भागात नाही येत.

टाकीवाली बाई दिवाळीआधी येते. यंदा दिवाळी होऊन महिना झाला. आमच्या गल्लीतल्या चार घरांचे पाटे गुळगुळीत झालेत, त्यावर चटणी वाटली जात नाही. एसटीनं गेली तेव्हा ती कुठल्या गावची हे पोलिसांनी टपरीवरच फोनवर बोलताना आम्ही ऐकलं होतं. येत्या गुरुवारी आमच्यातल्या दोघी त्या गावाला जाऊन येणार आहेत. तिथली कुणी हे ऐकत असेल तर केंद्रावर कळवा.